सीपॅपचा नाकावरचा मास्क: सात महिन्यांचा अनुभव आणि एका क्लिपवरून झालेलं भांडण

झोपेत माझा श्वास अडतो, म्हणून रात्री मी सीपॅप लावते, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. गेल्या गुरुवारी रात्री अडीचला त्या मास्कची डावी क्लिप तुटली. कुशीवर वळताना कट् असा आवाज झाला, पट्टा गालावरून सुटला आणि हवा भस्सकन डोळ्यात गेली. टॉर्च लावून उशीखाली चाचपलं तेव्हा नखाएवढा आकडा हाताला लागला, मुळापासून मोडलेला. मग फ्रेमच्या भोकातून परकराची नाडी ओवली, पट्ट्याला गाठ मारली आणि उजाडेपर्यंत तशीच पडून राहिले. झोप अशी लागलीच नाही.

सकाळी ज्याच्याकडून मशीन घेतलं त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आंटीजी, क्लिप अलग से नहीं आती. पूरा मास्क लेना पड़ेगा." साडेपाच हजारांचा मास्क. चेहऱ्याला टेकणारी गादी धड, फ्रेम धड, नळी धड, आणि एका आकड्यापायी सगळाच टाकून नवा घ्यायचा? माझा संताप अजून उतरलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसले. मशीन कुठलं घ्यावं ते सगळे सांगतात. पहिला मास्क कसा घ्यावा हे मला कुणीही नीट सांगितलं नाही, आणि त्यात माझे सहा आठवडे गेले.

माझं वय ५८. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं, इंदूरला रामबागेत राहते. बाईला घोरण्याबद्दल बोलायची लाज वाटते आणि घरचेही ‘दमली असेल’ म्हणून सोडून देतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा हा आजार (स्लीप ॲप्निया) वाढतो, हे मला माहीतच नव्हतं. उठल्याउठल्या डोकं दुखायचं, रात्रीतून तीन-तीनदा लघवीला उठावं लागायचं, त्यासाठी साखरेच्या तपासण्या झाल्या. शेवटी जूनमध्ये झोपेची तपासणी केली आणि एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडतो किंवा कमी पडतो तो आकडा, निघाला ३४. तीसच्या वर म्हणजे तीव्र. डॉक्टरांनी ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर आपणच बदलणारं, लिहून दिलं, प्रेशर ६ ते १४.

मशीनबरोबर दुकानदाराने फुल फेस मास्क दिला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. घोरणारा माणूस तोंडानेच श्वास घेतो, तेव्हा हाच लागतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं. साइज मीडियम, कारण दुकानात तोच होता. मी खुर्चीवर बसलेली, मशीन बंद, केसांचा अंबाडा तसाच, आणि त्याने पट्टे ओढून ‘एकदम फिट’ म्हणून सांगितलं. बिलात त्या मास्कचे साडेसात हजार वेगळे लावलेले होते. हे साडेसात हजार मी मुद्दाम सांगते आहे, कारण एवढे पैसे गेलेत तर हाच वापरून वापरून बसेल, ह्या हिशेबाने मी सहा आठवडे रेटत राहिले.

बसून बांधलेला मास्क आडवं झाल्यावर तसा राहत नाही. पाठीवर पडलं की गाल मागे सरकतात, जबडा सैल होतो, मशीनचं प्रेशर वाढलं की गादी चेहऱ्यावरून उचलली जाते. माझ्या बाबतीत वरची कड डोळ्यांच्या कोपऱ्याशी उघडायची आणि रात्रभर डोळ्यांत वारा. सकाळी डोळे लाल आणि कोरडे. मी पट्टे आणखी ओढले. चार दिवसांत नाकाच्या हाडावर लाल वण उठला, दहाव्या दिवशी तिथली कातडी निघाली. त्यावर मी खोबरेल तेल लावलं, त्याने गादी आणखी घसरायला लागली. पुढे कळलं की सिलिकॉनच्या गादीला बहुधा दोन पदर असतात. आतल्या हवेने बाहेरचा पदर फुगतो आणि चेहऱ्याला टेकतो, हवा अडवायचं काम तोच करतो. पट्टा ओढून तो पदर चेपला की फुगायला जागाच राहत नाही, म्हणजे जितकं आवळाल तितकी हवा जास्त गळते. मी सहा आठवडे नेमकं उलटं करत होते. मशीनवर रोज गळतीची खूण आणि एएचआय ११-१२.

त्या मास्कची एक गोष्ट मात्र चांगली होती, तीही सांगते. जुलैच्या पावसात दोनदा रात्री लाइट गेली. मशीन बंद पडलं की फुल फेस मास्कमधली झडप आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. मला जाग आली, पण जीव घाबरला नाही. ज्यांच्याकडे सारखी लाइट जाते आणि जे नाकाने श्वास घेऊच शकत नाहीत, त्यांनी ही झडप जरूर बघून घ्यावी.

पण तो मास्क मी सोडला तो ह्या कशानेच नाही. त्याच्या क्लिपा चुंबकाच्या होत्या. अंधारात हात नेला की टक्‌ करून बसायच्या, मला त्या फार आवडायच्या. पाचव्या आठवड्यात खोक्यातला कागद सहज वाचायला घेतला आणि हातपाय गार पडले. ह्यांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला आहे, डाव्या खांद्याखाली. मी ह्यांच्या डाव्या हाताला झोपते. कुशीवर वळले की माझा गाल ह्यांच्या खांद्याशीच येतो. शिवणाची टेप आणून मोजलं: चार इंच. कागदावर लिहिलेलं होतं, किमान सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर, अंतर ठेवा. २०२२ आणि २०२३ मध्ये मोठ्या मास्क कंपन्यांनी ह्याबद्दल इशारे काढले होते. पेसमेकर, डिफिब्रिलेटर, मेंदूतल्या धमनीची क्लिप, शंट (मेंदूतलं पाणी काढून देणारी नळी), डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, असं काही मास्क लावणाऱ्याच्या किंवा त्याच्या अगदी जवळ झोपणाऱ्याच्या अंगात असेल तर चुंबकाचा मास्क वापरू नये. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून आपल्याच ठरावीक वेगाने ठोके देऊ लागतो. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं, तपासणीच्या वेळी आम्ही हेच मुद्दाम करतो, पण घरी रोज रात्री हे व्हायला नको.

दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणे, "कुछ नहीं होता, सब यही ले जाते हैं." वापरलेला मास्क परत घेता येत नाही हे मला मान्य आहे. चेहऱ्याला लावायची वस्तू आहे, मीही दुसऱ्याचा घेणार नाही. पण घरात कुणाला पेसमेकर आहे का, एवढा एक प्रश्न विकण्याआधी विचारायला किती वेळ लागतो? त्या रात्रीपासून नवा मास्क येईपर्यंत मी दिवाणावर झोपले.

नवा मास्क मिळाला तो तपासणी केंद्रातल्या टेक्निशियन मुलीमुळे. तिने मला आधी अंबाडा सोडायला लावला. मागचा पट्टा अंबाड्यावर चढला की पुढची गादी वर ओढली जाते. वेणी घालून पट्टा तिच्याखालून घ्यायचा. मग पलंगावर आडवं केलं, मशीन लावलं, प्रेशर दहावर नेलं आणि वीस मिनिटं डावी कूस, उजवी कूस, पाठ. साइजसाठी तिच्याकडे कंपनीचा पुठ्ठ्याचा साचा होता, तो नाकाला लावून रुंदी बघायची. माझं नाक स्मॉलमध्ये बसलं. पट्टे तिने जवळजवळ सैल ठेवले, गालाशी एक बोट सहज जाईल इतके. मग मास्क चेहऱ्यापासून जरासा ओढून सोडला, गादी फुगली आणि आपोआप बसली. डोळ्यांत वारा नाही! मला तिथेच रडू आलं.

तो मास्क फक्त नाकावरचा होता, म्हणून आधी मी नाहीच म्हटलं. मी तर तोंडाने श्वास घेणारी. तिने विचारलं, तोंडाने का घेता, नाक बंद असतं म्हणून की सवय आहे म्हणून? ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितलं, ॲलर्जीची सूज निघाली, रोज एक फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं सांगितलं. तीन आठवड्यांत तोंड मिटून झोपू लागले. पहिल्या दिवसांत हवा तोंडातून निसटायची म्हणून नऊशे रुपयांचा हनुवटीचा पट्टाही घेतला, पण त्याने जबडा मागे दाबला जायचा, चार दिवसांत काढून ठेवला. ते पैसे वाचले असते.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की ही उपचारपद्धती सुरूच झाली ती नाकातून. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी पाच रुग्णांवर ती वापरल्याचं १९८१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, त्यात हवा नाकातूनच दिली होती, मास्क नाकाला चक्क चिकटवून. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीच्या २०१९ च्या सूचनांतही सर्वसाधारणपणे आधी नाकाचा मास्क द्यावा असं आहे, कारण नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बहुधा प्रेशर जास्त लागतं आणि गळतीही जास्त होते. माझं मशीन आधी अकरा-बारावर जाऊन बसायचं, आता आठ-नऊवर राहतं. एएचआय दोन-तीन. मास्क बदलल्यावर मशीनच्या सेटिंगमध्येही मास्कचा प्रकार बदलावा लागतो. माझ्या मशीनवर तो आधीचाच राहिला होता, त्यामुळे आठवडाभर गळतीचे आकडे भलतेच दिसत होते.

रात्रीचं उठणं थांबलं, सकाळची डोकेदुखी गेली. ऑक्टोबरपर्यंत मी ह्या मास्कला दहापैकी दहा देत होते.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरला थंडी पडली आणि नळीत पाणी साचायला लागलं. ह्युमिडिफायरची, म्हणजे मशीनमधल्या हवा ओली करणाऱ्या टाकीची, गरम ओलसर हवा गार नळीतून येताना थेंब धरते आणि पहाटे नाकाशी गुळगुळ आवाज. ओलावा दोन अंकांनी कमी केला, मशीन पलंगापेक्षा खाली तिपाईवर ठेवलं आणि फ्लॅनेलच्या जुन्या परकराची खोळ शिवून नळीला घातली. ते पाणी थांबलं. पण त्याच थंडीत मी चेहऱ्याला रात्री कोल्ड क्रीम लावत होते, गादी घसरायची आणि मी डावा पट्टा पुन्हा थोडा थोडा आवळत गेले. आता क्रीम संध्याकाळी लावते आणि झोपण्याआधी चेहरा साबणाने धुते. गादी रोज सकाळी कोमट पाण्यात, साध्या साबणाने, आणि सावलीत वाळवते.

क्लिप तुटली ती ह्याच आवळण्याने, असं आता वाटतं. फेब्रुवारीतच त्या आकड्याच्या मुळाशी केसाएवढी पांढरी रेघ दिसली होती. प्लास्टिकवर ताण पडला की ती उमटते. मला वाटलं साबणाचा डाग आहे, नखाने खरवडून बघितला, निघेना, सोडून दिला. तुमच्या क्लिपला अशी रेघ दिसली तर तुटायची वाट बघू नका. आणि मास्क काढताना एका हाताने आकडा वाकडा ओढू नका. फ्रेम चिमटीत धरून आकडा सरळ बाहेर घ्या, नाहीतर मास्क पट्ट्यांसकट डोक्यावरून काढा.

शनिवारी मी दवा बाजारात गेले. दोन दुकानांत हेच उत्तर, पूर्ण मास्क घ्या. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने मास्कचं नाव विचारलं, फ्रेमवरचा साइज वाचला आणि आतून पाकीट घेऊन आला. हेडगिअर म्हणजे डोक्याचे सगळे पट्टे, क्लिपांसकट, अठराशे रुपये. नुसत्या क्लिपांची जोडी हवी तर चारशेत मागवून देतो, आठ दिवस लागतील, असंही म्हणाला. साडेपाच हजार कुठे आणि चारशे कुठे! पट्टेही सात महिन्यांत ढिले झाले होते म्हणून मी हेडगिअर घेतलं आणि क्लिपांच्या जोडीचेही पैसे देऊन आले.

पहिला मास्क घेताना मी आज हे आधी विचारीन: ह्याची क्लिप, गादी आणि पट्टे सुटे मिळतात का, आणि कितीला? ज्या दुकानदाराला ह्याचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये. मास्क कितीही चांगला बसला तरी तो ह्या तीन गोष्टींवर टिकून असतो आणि तिन्ही झिजतात. दुसरं, पलंगावर आडवं करून मशीन चालू ठेवून बघू देत नसतील तर तिथून उठून यावं.

आता मी ह्या मास्कला दहापैकी आठ देते. दोन क्लिपचे गेले. एवढा ताण सहन करणारा भाग एवढा पातळ का ठेवला, हे मला अजून समजत नाही. चुंबकवाल्या क्लिपा बहुधा अशा तुटल्या नसत्या, असंही वाटतं, पण आमच्या घरात त्या चालणार नाहीत.

नवं हेडगिअर लावून काल रात्री साडेसहा तास झोपले, पट्ट्याखाली बोट जाईल इतकं सैल. जुन्याची उजवी क्लिप अजून धड आहे, दोन्ही बाजूंना एकच चालते. ती काढून, धुऊन उशाशी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.