अभ्यासिकेत 'फ्रेश एअर सिस्टीम' बसवून घेताय? आधी भिंतीला भोक कुठे पडणार ते विचारा

पुण्यातल्या आमच्या चाळीस खुर्च्यांच्या एसी अभ्यासिकेत बाहेरची हवा आणणारी ही सिस्टीम बसवायला १,५८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १,८६,४४० रुपयांचं कोटेशन होतं. ६० टक्के ॲडव्हान्स, म्हणजे १,११,८६४ रुपये, गेले ते गेलेच. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे.

गरज खरी होती. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच थंड करून फिरवतो. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. चाळीस जणांच्या बंद हॉलमध्ये दुपारी तो अडीच हजारांच्या वर गेला की मुलं डोकं धरून बसतात, पेंगतात, आणि दोष जेवणाला देतात. तो हजारावर रोखायचा तर माणशी १८ सीएफएम (मिनिटाला १८ घनफूट हवा), म्हणजे चाळीस जणांना सातशेच्या पुढे बाहेरची हवा लागते.

कोटेशनमध्ये ७०० सीएफएमच लिहिलं होतं, म्हणून शंका आली नाही. बसवले मात्र डक्टच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या, मध्ये बसणारे सहा इंची दोन इनलाइन पंखे. असला पंखा मोकळ्यावर जेमतेम अडीचशे देतो, आणि पुढे फिल्टर, चार वळणं आणि चुरगळलेला फ्लेक्झिबल डक्ट आला की त्याच्या निम्मेही नाही. डक्ट ताणून बसवावा लागतो. ढिला सोडला की आतल्या घड्या हवेला अडवतात.

पण खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. दोन दिवसांत काम झालं, भिंतीला गोल भोक पाडणारं कोअर कटिंगचं मशीन आलं नाही, कणभर सिमेंट उडालं नाही, आणि आम्ही "किती स्वच्छ काम" म्हणत बसलो! भिंतीला भोकच नाही तर बाहेरची हवा येणार कुठून? पंख्यांची तोंडं फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडी सोडली होती. आतलीच हवा वरून ओढून खाली सोडत होते. आता सांगा, पैसे देणारा माणूस शिडी लावून सीलिंगची टाइल उचलून बघतो का? यापुढे उचला.

डेमो सकाळी साडेसातला, रिकाम्या हॉलमध्ये दिला. मीटरवर ४५०. रिकाम्या खोलीत दुसरं काय दिसणार? मोजणी हॉल भरल्यावर तीन तासांनी करायची, दारं बंद ठेवून. मीटर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या, सेन्सरचाच हवा. स्वस्तातला मीटर सॅनिटायझरच्या वासानेही उड्या मारतो, डेमोचा मीटर त्यातलाच निघाला.

हवा किती येते ते बघायला, हॉलमध्ये हवा सोडणाऱ्या जाळीवर १०० लिटरची कचऱ्याची पिशवी धरा. चार जाळ्यांतून ७०० सीएफएम येत असेल तर पिशवी सव्वा सेकंदात फुगते. आमची नऊ सेकंदांनी फुगली, म्हणजे जाळीमागे २३-२४ सीएफएम, तेही आतल्याच हवेचे. सोबत यूव्ही दिवा आणि आयोनायझर गळ्यात मारला. दोन्हींनी कार्बन डायऑक्साइड तसूभर कमी होत नाही, हेपा फिल्टरनेही नाही, आणि काही आयोनायझर उलट ओझोन सोडतात.

चौकीत गेलो तर "दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." लेखी अर्ज घेतला, पोच मागितली तर "उद्या या". उद्या गेलो तर साहेब बंदोबस्ताला. ग्राहक तक्रारीच्या फोनवर "तुम्ही व्यवसायासाठी घेतलंय, ग्राहक कायद्यात बसत नाही." अहो, स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला त्या कायद्यात सूट आहे, हे आम्ही त्यांना वाचून दाखवायचं! त्यावर कंपनीला मेल करा, हा सल्ला. कंपनीचा मेल बाउन्स होतो, म्हणून तर फोन केला होता ना?

बाहेरच्या तोंडाला लूव्हर (पाऊस अडवणाऱ्या तिरप्या पट्ट्या) आणि मच्छरजाळी लावून घ्या, ते टॉयलेटच्या एक्झॉस्टपासून आणि पार्किंगपासून लांब ठेवा. रस्त्याची धूळ अडवणारा फिल्टर मागा, पण तो लावल्यावर पंखा किती सीएफएम देतो त्याचा तक्ता आधी बघा. शेवटचे ४० टक्के हॉल भरलेला असताना मोजून मगच द्या. बिलावर बाहेरच्या हवेचे सीएफएम आणि मोजायची पद्धत लिहून द्यायला जो कंत्राटदार कुरकुरेल, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.