‘द इकॉनॉमिस्ट’: आतली पाने भक्कम, मुखपृष्ठ मात्र जपून वाचावे

१८४३ पासून लंडनहून निघणारे ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक व्यापार, चलन आणि व्याजदर यांविषयी इतके नेटके लिहिते की त्याची महागडी वर्गणी मला कधी खटकली नाही. लेखाखाली लेखकाचे नाव न छापण्याच्या जुन्या प्रथेमुळे सारा अंक एका आवाजात बोलतो. मात्र त्यामुळेच एखाद्या देशावर मारलेला शेरा कोणा एकाचे मत न वाटता निकाल वाटू लागतो.

मे २००० चा अंक पाहावा. काळ्या मुखपृष्ठावर आफ्रिकेच्या नकाशाच्या चौकटीत खांद्यावर शस्त्र घेतलेला तरुण आणि संपूर्ण खंडाला आशाहीन ठरवणारा मथळा. सिएरा लिओनमध्ये तेव्हा बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांना ओलीस धरले होते, भारतीय जवानही वेढ्यात अडकले होते आणि मोझांबिक महापुरातून सावरत होता. बातम्या खऱ्याच होत्या. पण त्याच मथळ्याखाली बोत्स्वानाही आला, ज्याला पुढच्याच वर्षी पतमानांकन संस्थांनी, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत जोखणाऱ्या संस्थांनी, ‘ए’ ही चांगली श्रेणी दिली. दूर बसून कर्ज किंवा भांडवल देणाऱ्याच्या मनात असा मथळा घर करतो, आणि व्यवस्थित कारभार करणाऱ्या देशालाही शेजाऱ्यांच्या युद्धाचा हिशेब द्यावा लागतो, हे मला अन्यायाचे वाटते.

डिसेंबर २०११ मध्ये याच साप्ताहिकाने आफ्रिकेच्या आकाराचा रंगीत पतंग उडवणारा मुलगा मुखपृष्ठावर आणला आणि आधीचा शेरा खेदजनक होता, असे लिहून टाकले. हा प्रांजळपणा दुर्मीळ आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. तरीही निराशेच्या जागी आशा आली एवढेच. पन्नासहून अधिक देशांना एकाच विशेषणात कोंबण्याची सवय गेली नाही. ब्राझीलबाबतही २००९ मध्ये मुखपृष्ठावर रिओचा ख्रिस्ताचा पुतळा अग्निबाणासारखा झेपावला आणि २०१३ मध्ये तोच भरकटून कोसळताना दाखवला गेला.

अर्थकारण गंभीरपणे वाचणाऱ्याने हे साप्ताहिक जरूर घ्यावे, पण आधी आतला वार्तांकनाचा मजकूर वाचावा आणि मग मुखपृष्ठाकडे वळावे. अंकाच्या शेवटाकडचा आर्थिक निर्देशांकांचा तक्ताही नीट पाहावा. आफ्रिकेतून त्यात वर्षानुवर्षे इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका हे दोनच देश दिसत आले आहेत.