बेवारस फोटोंची दुरुस्ती: स्कॅनर, गिम्प आणि एआय, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

रद्दीत, जुन्या सामानात, रिकाम्या होणाऱ्या घरांतल्या खोक्यांत असे फोटो सापडतात, ज्यांतली माणसं कोण हे आता कुणालाच ठाऊक नसतं. मी असे फोटो जमवते आणि जमेल तसे दुरुस्त करते. त्यासाठी गेले बरेच महिने तीन गोष्टी सतत वापरात आहेत: निगेटिव्हही स्कॅन करणारा सीसीडी सेन्सरचा फ्लॅटबेड स्कॅनर, गिम्प हा फोटो दुरुस्तीचा मोफत प्रोग्राम आणि चेहरे आपोआप सुधारून देणारा एक एआय प्रोग्राम. पहिल्या दोघांवर मी समाधानी आहे. तिसरा या फोटोंवर चालवणं मी बंद केलं आहे.

आधी स्कॅनरबद्दल. घेताना सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, बघा; डीपीआयचे (एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचे) मोठे आकडे नंतर. सपाट, हलक्या स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस या दुसऱ्या प्रकारचा सेन्सर असतो आणि काचेपासून जरा वर उचललेली गोष्ट तो धूसर टिपतो. जुने फोटो कधीच सपाट नसतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेला प्रिंट शंभर वर्षांत धनुष्यासारखा वाकतो, आणि त्याला काचेवर दाबायला गेलात की इमल्शनला, म्हणजे प्रतिमा असलेल्या पातळ थराला, तडे जातात. सीसीडी सेन्सर हा वाक बराच सांभाळून घेतो. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असलं, तरी खरा तपशील त्याच्या खूप आधी संपतो. कागदी प्रिंटसाठी मी ६०० वर थांबते. अगदी लहान कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराचा) असेल तर १२००. त्यापुढे फाइल फुगते, चेहरा काही जास्त दिसत नाही.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन मात्र रंगीत करा, १६ बिटमध्ये (छटांमधले बारीक फरक टिकावेत म्हणून), आणि टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये. मला सर्वांत जास्त फायदा या एका सवयीने दिला. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल असतात आणि ते वेगवेगळे पाहता येतात. पिवळे-तपकिरी डाग लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. उलट, फिकट पिवळा पडलेला प्रिंट निळ्या चॅनेलमध्ये एकदम ठळक होतो आणि पांढऱ्या झग्यावरची लेस, मागच्या पडद्यावर रंगवलेलं झाड असं पुसलं गेल्यासारखं वाटणारं बरंच काही तिथे अजून शिल्लक असतं. ब्रश हातात घेण्याआधीच अर्धी दुरुस्ती झालेली असते, आणि तीही आपल्या पदरचं काही न घालता. गिम्पमध्ये २०१८च्या २.१० आवृत्तीपासून १६ बिटवर काम करता येतं, त्यामुळे या कामासाठी पैसे भरून दुसरा प्रोग्राम घ्यायची गरज मला भासली नाही.

खडबडीत, जाळीदार पोत असलेल्या कागदाचा त्रास मात्र खरा आहे. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो आणि प्रत्येक कणाची सावली उमटते. त्यावर उपाय सोपा आहे: फोटो १८० अंशांत फिरवून दुसरा स्कॅन घ्यायचा, सरळ करून पहिल्यावर तंतोतंत बसवायचा आणि वरच्या लेअरची (थराची) ओपॅसिटी ५० टक्के करायची, म्हणजे तो अर्धा पारदर्शक होतो. सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी चकाकी आलेली असेल, तर प्रतिमेतली चांदी पृष्ठभागावर आलेली असते. तिथे स्कॅनर हतबल आहे. दिव्यावर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावून, दोन्ही एकमेकांना काटकोनात ठेवून कॅमेऱ्यानेच फोटो काढावा लागतो. काचेला चिकटलेला प्रिंट ओढून सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

निगेटिव्हवरची धूळ इन्फ्रारेडने आपोआप काढण्याची सोय रंगीत फिल्मवर उत्तम चालते. कृष्णधवल फिल्मवर ती निरुपयोगी आहे, कारण तिथली चांदीच इन्फ्रारेड अडवते आणि मशीनला अख्खी प्रतिमा म्हणजे धूळ वाटते. तिथे हीलिंग ब्रश (आजूबाजूच्या भागावरून डाग बुजवणारं साधन) आणि चिकाटी.

आता ज्यासाठी हे सगळं चालतं त्याकडे येते. दुरुस्ती करताना एकेका फोटोसमोर तासन्‌तास बसावं लागतं, आणि इतका वेळ त्या अनोळखी माणसाकडे त्याच्या हयातीनंतर कुणी पाहिलं असेल का, हा विचार पिच्छा सोडत नाही. काळ थोडाफार सांगता येतो. साधारण ६४ बाय १०० मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावरचं छोटं कार्ड असेल, तर डिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४मध्ये पॅरिसमध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या कार्त द व्हिजित प्रकारातलं. मागे महसुलाचं तिकीट असेल आणि फोटो अमेरिकेतला असेल, तर १८६४ ते १८६६ या दोन वर्षांतला, कारण तिथे फोटोंवर तो कर तेवढाच काळ होता. पाठीवरचं पेन्सिलचं लिखाण पुसलं गेलं असेल, तर अंधारात एका कडेने टॉर्च धरा. दाबाचे वळ उठून दिसतात. पण एवढं करूनही हाती लागतं ते दशक. माणूस नाही.

माणसाबद्दल जे थोडं कळतं, ते बहुतेक वेळा नुकसानीतूनच कळतं. माझ्याकडे एका तरुणाचा फोटो आहे, चार घड्या पडलेला, घड्यांच्या कडा बोटांनी मळलेल्या. तो फ्रेममध्ये कधीच नव्हता, कुणाच्या तरी खिशात होता आणि पुन्हा पुन्हा उघडला जात होता. दुसऱ्या एका फोटोची उजवी बाजू कात्रीने कापली आहे. बाईच्या खांद्यावर कापलेल्या माणसाची चार बोटं तेवढी उरली आहेत. तिसरा मधोमध फाटलेला, पण कुणीतरी मागून कागदाची पट्टी इतकी काळजीने लावली आहे की पुढून भेग केसाएवढीच दिसते. भांडण होतं, मृत्यू होता की नुसती जागा पुरत नव्हती म्हणून कापला? सांगणारं कुणी नाही. पण घडी मिटवली, बोटं पुसली, पट्टी काढली, तर प्रश्नसुद्धा उरत नाही.

एआय प्रोग्रामबद्दलची माझी तक्रार इथूनच सुरू होते. एका मोठ्या समूहचित्रात मागच्या रांगेतले चेहरे प्रिंटवर जेमतेम तीन मिलिमीटरचे आहेत. ६०० डीपीआयवर म्हणजे सत्तरेक पिक्सेल. प्रोग्रामने त्यांतून पापण्या, ओठांच्या कडा, डोळ्यांतली चमक असं सगळं काढून दिलं. पाहताक्षणी कुणीही हरखून जाईल असं. मग मूळ स्कॅन शेजारी ठेवला. मूळात दोन मुलींची हनुवटी आणि कान सारखे होते, बहुधा बहिणी. सुधारलेल्या प्रतीत त्या दोघींचा एकमेकींशी काही संबंध राहिला नव्हता. एका म्हाताऱ्याचा तिरळा डोळा सरळ झाला होता. हा तपशील फोटोतून आलेलाच नव्हता. हजारो इतर चेहरे पाहून शिकलेल्या प्रोग्रामने तो भरला होता. घरच्या फोटोवर असं झालं तर कुणीतरी लगेच म्हणतं, हे आजीचं नाक नव्हे. बेवारस फोटोत असं म्हणणारं कुणी जिवंत नसतं. म्हणून तिथे जास्त कडक राहायला हवं, आणि नेमकं तिथेच मोकळं रान मिळतं.

रंग भरण्याचंही तसंच. जुन्या इमल्शनला निळा प्रकाश दिसे, लाल दिसत नसे. म्हणून त्या काळच्या फोटोत निळे डोळे जवळजवळ पांढरे दिसतात, चेहऱ्यावरचे वांग गडद दिसतात, पिवळा झगा काळपट दिसतो. हे माहीत नसलेला प्रोग्राम काळपट झग्याला तपकिरी रंग देऊन मोकळा होतो. जुने स्टुडिओही निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या घालवत, हा मुद्दा कुणी काढेल. मान्य. पण ते काम समोर बसलेल्या माणसासाठी, त्याला पाहून होत असे.

ओळख पटणं ही स्वप्नाळू आशा आहे असं मला वाटत नाही. २०११च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या यामामोतो गावात चिखलातून सुमारे साडेसात लाख फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते धुतले, वाळवले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या आणि लोकांना आपापले फोटो शोधता येतील अशी सोय केली. हजारो फोटो परत गेले. बुरशीने आणि पाण्याने अर्धा फोटो खाल्ला असला, तरी उरलेल्या अर्ध्यातला चेहरा खरा असला की ओळखणारा ओळखतो. बनवलेल्या चेहऱ्याला कोण ओळखणार?

म्हणून माझ्याकडे प्रत्येक फोटोच्या तीन फाइल असतात: हात न लावलेला स्कॅन, पाठीचा स्कॅन आणि दुरुस्त प्रत. दुरुस्तीत मी धूळ, बुरशीचे डाग, रंगाचा उतार एवढंच काढते. घड्या, कात्रीच्या कडा, पट्ट्या तशाच ठेवते, आणि चेहऱ्यावर ओरखडा असेल तर फक्त तेवढ्याच रेषेवर काम करते. हे सगळं वेगळ्या लेअरवर, म्हणजे उद्या कुणाला माझं काम उतरवून ठेवायचं असेल तर एका क्लिकमध्ये उतरेल.

स्कॅनर घ्यायचा विचार असेल तर सीसीडीचा, निगेटिव्हची सोय असलेला, वापरलेला मिळाला तरी घ्या. आधी काचेच्या आतल्या बाजूला धुकं जमलंय का ते टॉर्च लावून तपासा. गिम्प शिकायला काही आठवडे जातील, ते जाऊ द्या. आणि एआय वापरायचाच असेल तर घरच्या अशा फोटोंवर वापरा, ज्यांतली माणसं ओळखणारं कुणीतरी तुमच्या शेजारी बसलेलं असेल.