टोप्यांच्या छपाईचं मशीन, ‘तयार माल आम्हीच घेऊ’ आणि माझे १,१४,७६० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. १,१४,७६० रुपये. सासूबाईंना अजून सांगितलेला नाही, माहेरी फक्त भावाला माहीत आहे. पण जून महिन्यात त्या मशीनच्या डेमोला माझ्यासोबत निदान वीस बाया बसल्या होत्या आणि त्यातल्या दोघींनी माझ्या डोळ्यांसमोर बुकिंगचे पैसे भरले. त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. म्हणून लाज गुंडाळून ठेवून लिहून राहिले.

‘मशीन घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत घेतो’ ही योजना तुम्हाला नवीन नाही, मलाही नव्हती. अगरबत्ती झाली, पापड झाले, द्रोण-पत्रावळी झाल्या. माझ्या मावसबहिणीचे असेच पैसे गेले तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, “अगं, एवढा नफा असता तर त्यांनी स्वतःच नसतं का केलं?” हे वाक्य मला आता रात्री झोपू देत नाही.

नागपूरला मानेवाड्यात राहते. सोळा वर्षं शिवणकाम करते, ब्लाऊज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. कापड चिमटीत धरलं की कळतं मला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात सगळ्यात जास्त तेच बोचतं.

वर्धा रोडच्या बाजूला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर या टोपीवाल्या योजनेच्या लोकांचं ऑफिस होतं. एसी, लॅपटॉप, भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. टोपीचं हीट प्रेस, म्हणजे तापलेल्या प्लेटने दाबून छापायचं मशीन, तिथं मांडलेलं, टोपीच्या कपाळासारख्या बाकदार प्लेटचं. त्या माणसाने प्रिंटरमधून कागद काढला, चित्र उलटं आणि फिकट. तो कागद पांढऱ्या टोपीच्या पुढच्या पॅनलवर हीट टेपने चिकटवला, मशीन १९५ डिग्रीवर, ५० सेकंद. कागद सोलला तर खाली झळझळीत रंग! नख घासलं, ओल्या फडक्याने पुसलं, काही निघालं नाही. ही जादू नाही, खरंच असं होतं. या छपाईला सब्लिमेशन म्हणतात. तिची शाई तापली की द्रवरूप न होता सरळ वाफ होते आणि ती वाफ पॉलिएस्टरच्या धाग्याच्या आत शिरते. वर थर बसत नाही, म्हणून हाताला लागत नाही आणि धुण्यात जात नाही. पण हे फक्त पॉलिएस्टरवर. सुती धागा ती शाई धरून ठेवत नाही. रंगही पांढरा किंवा अगदी फिकाच लागतो, कारण या शाईत पांढरी शाई नसतेच.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. एका मुलीने विचारलं होतं, “काळ्या टोपीवर होईल का दादा?” तो म्हणाला, “होते ना ताई, त्याची शाई पुढच्या टप्प्यात देतो.” या धंद्यातला कोणीही तिथंच उठून गेला असता. आम्ही वीसही जणी बसून राहिलो.

५,००० बुकिंग, मोबाईलवरून. ६१,००० मशीन, प्रिंटर, शाई, कागद आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग, बँकेतून. सोबत शिकायला ५० कोऱ्या टोप्या फुकट, सुट्या पिशवीत. त्यावर मी आठवडाभर हात बसवला. दहा बिघडल्या, चाळीस चांगल्या उतरल्या. त्या चाळीस त्यांनी ११५ रुपयांनी घेतल्या. ४,६०० रुपये रोख हातात ठेवले, सही घेतली, फोटो काढला. घरी पेढे आणले मी. हे ४,६०० म्हणजे गळाला लावलेला किडा होता हे आज दिसतं. पण मला सांगा, हातात नोटा पडल्यावर कोणाला संशय येईल?

मग ‘करार’. ५०० टोप्यांची ऑर्डर, कोऱ्या टोप्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या, ६२ रुपयांनी ३१,०००. डिपॉझिट २०,०००, ‘परत मिळणारं’. डिझाइन फाइलचे जीएसटी धरून २,३६०. त्यातले ४०,००० बचत गटातून काढले, त्याचा हप्ता अजून चालू आहे. करारात एक अट होती: दिलेल्या टोप्यांपैकी एकही खराब किंवा कमी भरली तर तिचे पैसे डिपॉझिटमधून कापणार. ही अट लक्षात ठेवा, फार हुशारीने घातलेली होती.

खोके सीलबंद आले. पहिला उघडला, टोपी हातात घेतली आणि बोटांना कळलं. अगदी त्याच क्षणी कळलं. हे कापड त्या पहिल्या पन्नासांचं नव्हतं. गार, मऊ, किंचित खरखरीत. सुती. आत शिवलेल्या लेबलवर मात्र १०० टक्के पॉलिएस्टर. यजमान बाजूला उभे होते, त्यांना म्हटलंसुद्धा, “हे कॉटन वाटून राहिलं मला.” त्यांनी फोन लावून दिला. तिकडून उत्तर, “ताई, ही कोटिंगवाली टोपी आहे, हाताला कॉटनच लागते. टेन्शन नका घेऊ.”

कोटिंग नावाची गोष्ट खरंच असते. सुती कापडावर शाई धरणारा थर देऊन सब्लिमेशन करतात. म्हणजे तो निव्वळ थाप मारत नव्हता, खऱ्यातला धागा ओढून खोटं शिवत होता. आणि माझ्या बोटांपेक्षा मी त्या लेबलवर विश्वास ठेवला.

एक धागा उपसून काडी लावायची होती. एवढंच! कुठलीही शिंपीण हे करते. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, मागे भुरकी राख. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. दहा सेकंदांचं काम. मी केलं नाही, कारण टोपी खराब झाली तर ६२ रुपये कापतील ही भीती. ६२ रुपये वाचवायला मी ५३,३६० घालवले.

पहिलीच टोपी छापली तर चित्र मळकट, धुवट. मी काय केलं असेल? स्वतःलाच दोष दिला. तापमान चुकलं असेल, दाब कमी पडला असेल. फोन केला तर तेच म्हणाले, “तुमचा हात अजून बसला नाही ताई, २०५ वर करा.” केलं. २१० वर ९० सेकंद केलं, कापड पिवळं पडलं. अशा ३१ टोप्या भाजल्या मी. उन्हाळा सरला तरी नागपूरचा तो उकाडा, खोलीत पंखा बंद, कारण वाऱ्याने प्लेटचं तापमान खाली येतं. आणि मी तिथं उभी राहून स्वतःलाच शिव्या देत होते. ही माणसं आपल्या पैशापेक्षा आपल्या या सवयीवर जगतात. बाईमाणसाला ‘तुमचं चुकलं’ म्हटलं की ती आधी स्वतःची चूक शोधते.

मधेच गल्लीतल्या पोरांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी ६० टोप्या सांगितल्या, १४० ने, ४,००० ॲडव्हान्स. जरा फिकट का होईना, छापून दिल्या. महाल भागात दिवसभर नाचून आले, घरी आयांनी टोप्या धुतल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या टोप्यांवर काहीच राहिलं नाही, नुसती निळसर सावली. चार हजार परत केले. बाकीचे मागायचं तोंडच नव्हतं. सोळा वर्षांत माझ्या कामाचा रंग गेला म्हणून कोणी दाराशी आलं नव्हतं.

त्या रात्री धागा जाळला. राख झाली. उघडलेल्या सगळ्या खोक्यांतला एकेक जाळला. सगळी राख.

दुसऱ्या दिवशी ऑफिसवर गेले तर शटरला कुलूप. घरमालक म्हणाले, तीन महिन्यांचाच भाडेकरार होता. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला, तर नोंदणी रद्द झालेल्या भलत्याच फर्मचा. हे पैसे भरायच्या आधी बघता येतं, फुकट, मोबाईलवर, एका मिनिटात. बघा.

आणि आता ज्यांनी ऐकायला पाहिजे होतं त्यांच्याबद्दल.

घराजवळच्या ठाण्यात गेले. “माल भेटला ना तुम्हाला? मग फसवणूक कुठली मॅडम? हा दिवाणी विषय झाला.” मी टोपी टेबलवर ठेवली, धागा जाळून दाखवते म्हटलं. “इथं काडी पेटवू नका.” ऑफिस दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा म्हणाले. तिकडे गेले. “पैसे ऑनलाइन दिले ना? सायबरकडे जा.” सायबरवाल्याने विचारलं, “माणूस समोर भेटला होता का?” हो म्हटलं. “मग हे सायबर नाही, ठाण्यात जा.” बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्ही स्वतः केला, आम्ही काय करणार? ते बरोबरच असेल, पण समोरचं खातं कोणाचं हे तरी पोलिसांनी पत्र दिल्यावर सांगाल ना? पत्रच कोणी दिलं नाही.

मग बंदोबस्त सुरू झाले. साहेब गणपतीच्या बंदोबस्तात. नंतर धम्मचक्र प्रवर्तन दिन, दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, तिथं पोलीस लागणारच, त्याबद्दल एक शब्द नाही माझा. मग दिवाळी. मग हिवाळी अधिवेशन. प्रत्येक वेळी मी शिलाई बंद ठेवून, ऑटोला ८० रुपये देऊन जायची आणि प्रत्येक वेळी नवा माणूस पहिल्यापासून विचारायचा, “नेमकं काय झालं?” एकाने तर हसून विचारलं, “एवढ्या शिकलेल्या दिसता, मग पैसे दिले कसे?” मला त्या माणसापेक्षा या प्रश्नाचा जास्त राग आहे. फसवणारा निदान ताई म्हणत होता.

शेवटी भावाच्या ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं ते तुम्हीही पाठ करा. हद्द कोणतीही असो, गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायला पाहिजे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. ठकवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तोंडी बोलू नका, अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. घेत नसतील तर वरिष्ठ अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मी महिना लोटल्यावर केला, तोवर खातं रिकामं झालं असणार.

ग्राहक आयोगाबद्दल मला दोघांनी सांगितलं, “तुम्ही धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही.” साफ चूक. स्वयंरोजगाराने पोट भरायला घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहकच असतो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी तक्रार टाकली आहे. वकीलबाईंनी उरलेल्या ४०९ टोप्या फेकू नका म्हणून बजावलंय, पुरावा आहे. दोन खोके अजून सीलबंद आहेत, शिलाई मशीनच्या मागे. रोज दिसतात.

मशीन विकत घ्यायचंच असेल तर सुटं घ्या, आणि कोऱ्या टोप्या बाजारातून स्वतः निवडून घ्या. डेमो बघाल तर त्यांच्या पिशवीतल्या टोपीवर नको, सीलबंद खोकं फोडायला लावा आणि त्यातलीच टोपी छापून मागा. ती घरी नेऊन गरम पाण्यात धुवा. तोवर बुकिंगचा रुपया देऊ नका. ‘आजच शेवटची तारीख’ म्हटलं की चप्पल घाला आणि निघा.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईने मला जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, या वेळी वर्ध्याला. “टोपी प्रिंटिंग, घरबसल्या कमाई, माल आम्हीच घेऊ.” खाली टोप्यांचा फोटो, रंग झळझळीत. मी फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या रांगेतल्या डावीकडच्या टोपीवर वाघाचं तोंड आहे आणि ते उजवीकडे थोडं कललेलं आहे, कारण टेप लावताना माझा अंगठा सरकला होता. त्या माझ्या चाळीस टोप्या आहेत. वर्ध्याच्या बायकांना दाखवायला नेल्यात.