नर्सिंग ब्युरोवाल्यांनी आम्हाला 31,850 रुपयांना कसं गंडवलं

लिहायला लाज वाटतेय. मी बँकेत आहे, 19 वर्षं लोकांचे केवायसीचे कागद तपासतेय. खाडाखोड, पुसट शिक्का लांबून ओळखते. आणि माझ्याच वडिलांच्या बाबतीत माती खाल्ली.

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. गिळता येईना, म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी फीडची नळी घातली आणि अकराव्या दिवशी डिस्चार्ज दिला. आई 74 वर्षांची, तिचे हात थरथरतात. मी नोकरीवाली. डिस्चार्ज काउंटरवर घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोची कार्डं ठेवलेलीच होती, ती आपल्याला सगळीकडे दिसतात. मीही एक उचललं. तीन दिवस नीट झोप नव्हती हो, अशा वेळी कोण चौकशा करत बसतं?

फोनवरचा माणूस म्हणजे मध. "मॅडम, जीएनएम सिस्टर देतो, आयसीयूचा अनुभव आहे." जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. नोंदणी 2,500. दिवसाला 1,700 प्रमाणे 15 दिवसांचे आगाऊ 25,500. आणि 'फीडिंग किट' 3,850. पैसे ज्या क्यूआरवर गेले तिथे ब्युरोचं नाव नव्हतंच, कुठल्यातरी बाईचं होतं. मी विचारलं. "घरचंच खातं आहे मॅडम." बरं, म्हटलं. किटमध्ये निघालं काय, तर एक नळी, दोन 50 मिलीच्या सिरिंजा, चिकटपट्टी आणि हातमोजे. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सगळं मिळून 600 सुद्धा होत नाहीत.

आता त्या सिस्टरचं सर्टिफिकेट. व्हॉट्सॲपवर फोटो आला. वर नाव, फोटो, गोल शिक्का. खाली जिथे नोंदणी क्रमांक असतो, नेमका तिथे कागद धरणाऱ्याचा अंगठा. मी तो फोटो मोठा करून पाहिला होता! बँकेत असा कागद आला असता तर गिऱ्हाइकाला तिथूनच परत पाठवलं असतं. इथे मात्र मनाशी म्हटलं, घाईत काढला असेल. तो अंगठा आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरी खूण पहिल्याच दिवशी मिळाली होती. वॉर्डातल्या सिस्टरने नाकपुडीपाशी नळीवर मार्करने रेघ मारून दिली होती. प्रत्येक फीडआधी रेघ जागेवर आहे का बघायचं, सिरिंजने थोडं ओढून पाहायचं, डोकं उंच करायचं, मगच डाळीचं गाळलेलं पाणी सोडायचं. ब्युरोने पाठवलेली ही बाई अण्णांना सपाट झोपवून मला विचारते, "ताई, दट्ट्या दाबून घालू का? लवकर होईल." जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स केलेली बाई हे विचारेल? मी तिला उशा लावून दाखवल्या आणि 8:14ची लोकल पकडायला पळाले. नर्स तिने असायला हवं होतं, शिकवत मी होते.

सहाव्या दिवशी अण्णांनी नळी ओढली. रेघ चार बोटं बाहेर आली. तिने नळी तशीच आत ढकलली आणि वरून 200 मिली फीड दिलं. आईचा फोन आला तेव्हा मागे अण्णांचा खोकला ऐकू येत होता. एक्स-रेत कळलं, नळीचं टोक जठरात गेलंच नव्हतं, अन्ननलिकेत वळून बसलं होतं. फीड उलटून छातीत गेलेलं. न्यूमोनिया, पुन्हा सात दिवस ॲडमिट, बिल 71,240. नळी जराही सरकली तर घरी कोणीही आत ढकलायची नाही, फीड बंद आणि डॉक्टरांना फोन. एवढं एक तरी लक्षात ठेवा.

बाई त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन गेली. ब्युरोवाला आधी म्हणाला, "पेशंट सिरियसच होता." मग म्हणाला, आगाऊ रक्कम परत मिळत नाही. मग फोनच बंद. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान.

पोलिस चौकीत हवालदार म्हणाले, "ताई, हा दिवाणी मामला. ग्राहक मंचात जा." साहेबांनी विचारलं, पैसे कुठे बसून पाठवले? ऑफिसातून, म्हटल्यावर त्यांना अचानक हद्द आठवली. त्या हद्दीतल्यांनी परत पहिल्या चौकीकडे धाडलं. तीन रजा गेल्या. एका सरकारी कचेरीत तर कमालच झाली. "त्या बाईंची नर्स म्हणून नोंदणी आहे का?" नाही, तीच तर तक्रार आहे. "मग आम्ही कारवाई कोणावर करणार?" म्हणजे खोटी नर्स असेल तर ती सुटली! अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेलेले. हॉस्पिटल म्हणतं, आम्ही फक्त कार्डं ठेवतो.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, मूळ कागद हातात घेऊन. आगाऊ 15 दिवसांचे देऊ नका, रोजचे रोज द्या. पहिलं फीड तुमच्यासमोर द्यायला लावा आणि गाडी चुकली तर चुकू द्या. आणि यूपीआयने फसलात तर त्याच तासाला 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी नऊ दिवसांनी लावला.

परवा अण्णांची नळी बदलायला गेलो. काउंटरवर तीच कार्डं. पावती फाडणारी मुलगी बघत होती, तरी गठ्ठा उचलून पर्समध्ये टाकला. घरी मोजली, 22 निघाली.