पावती समजून सही केली, अडीच लाख गेले

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा ले-आउटमधल्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. पुराबद्दल जास्त लिहीत नाही, नागपूरकरांना ते सांगायला नको. सांगायचं आहे ते आठवड्याभराने दारात आलेल्या एका मुलाबद्दल.

घराचा विमा होता. 2016 मध्ये वरच्या मजल्यासाठी कर्ज काढलं, तेव्हा बँकेने सोबत दिलेली दहा वर्षांची पॉलिसी. कपाटातून काढून कधी वाचली नव्हती. आम्ही चिखल उपसत होतो आणि हा मुलगा म्हणाला, "काकाजी, टेन्शन नका घेऊ जी, क्लेम मी काढून देतो. मिळेल त्यातले दहा टक्के द्या." ओळखीतल्या कोणाचं तरी नाव सांगितलं. हिने त्याला चहाही दिला.

वायरिंग, फरशी, दारं, प्लास्टर धरून दुरुस्तीचा अंदाज 6,40,000 रुपये निघाला. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजायला आलेल्या माणसाने, घर जुनं म्हणून 40 टक्के घसारा कापला आणि 3,84,000 मंजूर झाले. मुलाने कागद पुढे केला. "पैसे मिळाल्याची पावती आहे, इथे सही." तीस वर्षं हिशेबखात्यात काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने चष्मा न शोधता सही केली. त्याचे 38,400 त्याच दिवशी गेले, रोख.

तो कागद म्हणजे डिस्चार्ज व्हाउचर, रक्कम मान्य आहे असं कंपनीला लिहून देणं. त्यावर 'पूर्ण व अंतिम' असं छापलेलं होतं.

पुढे भाचीने पॉलिसी वाचली. तिच्यात 'रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू'ची अट निघाली. म्हणजे जुन्याच्या जागी तसंच नवं करायला येणारा खर्च मिळतो, घसारा न कापता. फक्त आधी काम करून दाखवावं लागतं, तोवर कंपनी घसारा वजा करूनच देते. म्हणजे मला मिळाला तो पहिला हप्ता होता! उरलेले 2,56,000 काम झाल्यावर मागायचे होते. त्यासाठी नुकसानीपासून सहा महिन्यांत 'घर पूर्ववत करणार आहोत' असं कंपनीला कळवायचं आणि बारा महिन्यांत काम संपवायचं. आम्ही काम मे महिन्यात संपवलं, पण कळवलं काहीच नव्हतं. "कळवायची गरज नाही, मी बघतो," असं तोच म्हणाला होता.

बिलं पाठवली. उत्तर आलं: सही पूर्ण व अंतिम रकमेवर आहे, सूचनाही नाही. मुलाला फोन केला तर "मी तर मदतच केली न काकाजी," आणि नंतर नंबर बंद. तो ना एजंट होता, ना सर्व्हेअर. सर्व्हेअर तर कंपनीच पाठवते, आपल्याला त्याला काही द्यावं लागत नाही. त्याच्या अहवालाची प्रत मागायचा हक्क मात्र आपला असतो. मी मागितलीच नव्हती.

व्हाउचरवर सही झाली म्हणून दाद मागायचा रस्ता बंद होत नाही, असं विमा नियामकाने 2015 मध्येच कंपन्यांना कळवलं होतं, हे मला उशिरा कळलं. कंपनीच्या तक्रार विभागाने नकार दिल्यावर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. फी नाही, वकील लागत नाही. मी अर्ज केला आहे. त्यात सहा महिन्यांच्या सूचनेबद्दल काय लिहावं हे मात्र भाचीलाही सुचलं नाही. ती जागा कोरीच ठेवली.