रंगवर्धक दाणे: खाद्य चांगलं, बरणी वाईट

माशांचा रंग खुलवणाऱ्या दाण्यांची दुसरी बरणी अर्ध्यावर आली आणि माझं डोकं फिरलं. प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकलेले दाणे फिकट पडलेले, मधले मात्र विटेसारखे लाल. एक फिकट दाणा नखाने फोडून पाहिला, तर आत लाली शिल्लक होती. म्हणजे रंग उजेडाने उडवला. ज्या अ‍ॅस्टाझँथिन या लाल रंगद्रव्यासाठी आपण साध्या दाण्यांपेक्षा जास्त पैसे मोजतो, ते उजेड, उष्णता आणि हवा यांनी खराब होतं. हे माहीत असूनही कंपनी ते पारदर्शक बरणीत भरते!

खाद्यात दम आहे, हे मान्य करतो. सुरुवातीला वाटलं होतं की दाण्यालाच रंग फासला असेल. पण काही आठवड्यांनी माझ्या कोई या शोभेच्या माशाच्या पाठीवरचा नारिंगी डाग गडद व्हायला लागला आणि माझं मत बदललं. काळे ठिपके होते तसेच राहिले, ते बरोबरच आहे. मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य मासा स्वतः बनवतो. लाल-नारिंगी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं (अ‍ॅस्टाझँथिन त्यांपैकीच) त्याला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात. कोई आणि गोल्डफिश स्पिरुलिना या शेवाळातल्या झिअ‍ॅझँथिन या दुसऱ्या कॅरोटिनॉइडचंही अ‍ॅस्टाझँथिन करून घेतात. सॅमनला ते फारसं जमत नाही, म्हणून पाळलेल्या सॅमनच्या खाद्यात ते थेट घालावं लागतं. नाहीतर मांस फिकट राखाडी राहतं.

पण रोज हेच दिलं तर पांढऱ्या भागावर गुलाबी-पिवळट झाक येते. माझ्या लाल-पांढऱ्या कोईचं पांढरं मळकट दिसायला लागलं. मग एक दिवस हे आणि एक दिवस साधे दाणे असं सुरू केलं. पांढरं हळूहळू निवळलं, लाल टिकलं. ही सूचना बरणीवर हवी होती.

बरणीवर काय आहे, तर ‘रोग दूर ठेवते’. अ‍ॅस्टाझँथिन अँटिऑक्सिडंट (पेशींचं नुकसान रोखणारं) आहे, सॅमनच्या माद्या विणीआधी ते मांसातून अंड्यांत नेतात, म्हणजे ते नुसतं शोभेचं नाही. तरी पाणी बदलणं आणि फिल्टर धुणं याची जागा कुठलाही दाणा घेणार नाही. माझे मासे ठणठणीत आहेत, पण त्याचं श्रेय मी बरणीला देणार नाही.

ग्राहक सेवेला दोनच प्रश्न विचारले: किलोमागे अ‍ॅस्टाझँथिन किती मिलिग्रॅम, आणि बरणी अपारदर्शक का नाही? युरोपीय संघात माशांच्या खाद्यात त्याची कमाल मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे. म्हणजे मोजता येतं, सांगताही येतं. उत्तर आलं, ‘थंड, कोरड्या जागी ठेवा.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच वाक्य.

मोठी बरणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. छोटी घ्या, आणल्या आणल्या दाणे स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओता आणि डबा टँकच्या दिव्याखाली ठेवू नका. खाद्याला पाचपैकी चार, बरणीला शून्य. आकडा छापतील आणि गडद पिशवी देतील, तेव्हा पाचवा तारा देईन.